शेगडी बाहेर ठेव, मग दार लाव

बयो, आषाढाची झड लागली की ताम्हिणीच्या अंगाला लाइट किती वेळ जाते, ते आता तुलाही कळलंय. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांसोबत आपल्या खोऱ्यातली माणसं उभी राहिली, त्याच धरणाचं पाणी भिऱ्याला उतरून १९२७ पासून वीज करतंय. तरी इथे एक फांदी तारेवर पडली की घरं अंधारात. याचं मला फार वाईट वाटतं. पण यंदा तुझ्या कुशीत बाळ आहे, तेव्हा आधी त्याचं बोलू.

आपल्याकडे माणूस गारठतो तो ओलीनं. ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून कोरडेपणा आधी, जाळ नंतर. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला बाहेरून ताडपत्री बांधून घ्यायला सांग भावजींना. बाजेवर निजतेस ना? मग खालूनच जास्त गार लागेल. सुंभावर आधी जाड घोंगडी अंथर, तिच्यावर गोधडी. लोकर जरा दमटली तरी ऊब धरते, सुती गोधडी नाही धरत. ती रोज चुलीजवळच्या दांडीवर वाळव. लंगोटही तिथेच.

आता शेगडीचं. सासूबाई बाजेखाली निखारे ठेवायला सांगतील. त्यांची माया खरी आहे, वाद घालू नकोस, पण समजावून सांग. जुन्या घराला कुडाच्या भिंती होत्या, कौलांत फटी होत्या. कोळशाचा वायू निघून जायचा. तुमच्या घरावर आता स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नसला, वर राख घातलेली असली, तरी तो असतोच, आणि झोपलेल्याला जाग येत नाही गं. शेक जागेपणी घे, दार-खिडकी उघडी ठेवून. निजायच्या आधी शेगडी पडवीत गेलीच पाहिजे. डोकं जड झालं, मळमळलं, तर बाळाला उचलून तडक बाहेर ये. आणि ओव्याची धुरी बाळाला नकोच, इवल्या छातीला धूर सोसत नाही.

बाळाची खरी शेगडी तूच. टोपी-लंगोट घालून त्याला उघड्या छातीशी धर, वरून दुलई घे, नाक मोकळं ठेव. तुझे डोळे मिटायला लागले की त्याला सासूबाईंकडे दे. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून अंथरूण ऊबदार कर, पण बाळाला ठेवण्याआधी ती काढ. तुझ्यासाठी हुलग्याचं माडगं कढत कढत.

मधूनमधून बाळाच्या पोटाला नि तळव्यांना हात लावून बघ. पोट गरम, पाय गार, तर त्याला छातीशी घे. दोन्ही गार लागले, किंवा ते दूध ओढेना झालं, तर छातीशी धरूनच पौडला दवाखान्यात निघ. रात्र आहे, पाऊस आहे म्हणून सकाळची वाट बघू नकोस. १०८ ला फोन कर, आणि त्यासाठी लाइट असेल तेव्हाच फोन चार्ज करून ठेव.