पासवर्ड बदलला, पण उघडे राहिलेले दार?

नवेगाव बांधसारख्या गावातल्या कापड दुकानाचेही खाते आता तीन-चार ठिकाणी उघडलेले असते. मालकाच्या मोबाईलवर, गल्ल्याजवळच्या संगणकावर, अर्जुनी मोरगाव किंवा गोंदियाच्या हिशेबनीसाकडे. दुकानाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे आम्ही व्यापारी रोज पाहतो. खात्याच्या किल्ल्या मात्र कोणी मोजत नाही.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. आपल्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर तिकीट काढले की आत पुन्हा तिकीट काढावे लागत नाही. हातातले दाखवले की पुरते. संकेतस्थळाचेही तसेच. पासवर्ड जुळला की ते त्या उपकरणाला एक गुप्त खूण देते. ही खूण बहुधा 'कुकी'त ठेवतात. कुकीची पद्धत नेटस्केप कंपनीत 1994 साली निघाली. पुढे दर पानाला ती खूणच दाखवली जाते. याला 'सेशन' म्हणतात. प्रत्येक उपकरणाची खूण वेगळी. बँकेची खूण काही मिनिटांत रद्द होते, ई-मेलची महिनोन्‌महिने चालते.

म्हणून धोका ओळखावा. नोकर काम सोडून गेला, जुना मोबाईल विकला, परक्या संगणकावर काम केले, तर पासवर्ड ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातीही खाते उघडे राहते. तो आपली उधारी वाचू शकतो. आपल्याच नावाने 'पैसे या नव्या खात्यावर भरा' असा निरोप गिऱ्हाइकाला पाठवू शकतो. पासवर्ड बदलल्याने काही ठिकाणी जुन्या खुणा रद्द होतात, सगळीकडे होतीलच असे नाही. तेव्हा यादी स्वतः तपासावी.

जीमेल : गुगल खात्यातील 'सुरक्षा' विभागात उपकरणांची यादी असते. अनोळखी वा जुने उपकरण दिसताच 'साइन आउट' करावे, मग पासवर्ड बदलावा.

व्हॉट्सॲप : मुख्य मोबाईलखेरीज चार उपकरणे जोडता येतात. मुख्य मोबाईल 14 दिवस वापरला नाही तर ती तुटतात. पण दुकानाचा मोबाईल रोज चालतो, म्हणून ती आपोआप तुटण्याची वाट पाहू नये. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन काढावीत.

ई-वे बिल : येथे मालकाला प्रत्येक माणसासाठी वेगळे उपनाव व पासवर्ड काढता येतो. माणूस गेला की त्याचेच नाव बंद करावे. बाकीच्यांचे काम अडत नाही. एकच पासवर्ड सर्वांना वाटू नये.

मोबाईलवर ओटीपी येतो म्हणून गाफील राहू नये. ओटीपी फाटकावर विचारतात; आधीच आत असलेल्याला पुन्हा विचारतीलच असे नाही.

व्यापारी बंधूंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे : कोणते खाते, कोणत्या उपकरणावर, कोणाकडे. जीएसटीचे विवरण भरण्याच्या दिवशी ते पान यादीशी ताडून पाहावे. गिऱ्हाइकाचे नाव आणि उधारी ही आपल्याकडची अमानत आहे; तिच्यासाठी दहा मिनिटे जास्त नाहीत.