मित्राचा पखवाज (गीता १०.९-१०)



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९ आणि १०, आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

नवव्या श्लोकाचा अर्थ सरळ आहे. ज्यांचं चित्त भगवंतात रमलंय, प्राणही त्यालाच वाहिलेत, ते भक्त एकमेकांना त्याच्याविषयी सांगतात, समजावतात आणि त्यातच सुखी असतात. यातला ‘एकमेकांना’ हा शब्द आज धरून ठेवू. भक्ती म्हणजे एकट्याने डोळे मिटून करायची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. इथे भगवंतांच्या डोळ्यांपुढे अख्खं मंडळ आहे.

माउली इथे शेजारशेजारच्या तळ्यांचा दृष्टांत देतात. दोन्ही तळी भरून उचंबळली की पाणी एकमेकांत मिसळतं, लाटा लाटांमध्ये विसावतात. भक्त भेटले की असंच होतं.

मग प्रश्न येतो, त्यातलं एक तळं आटलं तर?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. अंबडला आमच्या एकादशीच्या भजनात पखवाज धरणारा मित्र गेल्या वर्षी गेला. कंपनीतली शिफ्ट संपवून तो थेट भजनाला यायचा. त्याच्या आईने त्याचा पखवाज माझ्या हातात दिला. “शोभेला ठेवू नको बाळा, वाजव,” एवढंच म्हणाल्या.

पखवाज शोभेला ठेवताही येत नाही म्हणा. चामडं आहे ते. पावसाळी हवेत पुडी सैल पडते, वाद्या ढिल्या होतात. गठ्ठे ठोकून सूर पुन्हा लावावा लागतो. दर वेळी धुमाला ओली कणीक लावायची, वाजवून झालं की काढून पुसून घ्यायची. हात लागत राहिला तरच ते वाद्य राहतं.

अवघड भाग वेगळाच आहे. पहिली थाप पडली की सगळ्यांना तोच आठवतो. आपल्यालाही वाटतं, त्याच्यासारखंच वाजलं पाहिजे. आणि तसं ते वाजत नाही.

इथे मला सप्ताहातली वीणा आठवते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते, खाली ठेवत नाहीत. पहारा संपला की देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा पुढच्याच्या गळ्यात जाते. नव्या विणेकऱ्याने आधीच्यासारखं उभं राहावं, असं कुणी म्हणत नाही. नाम थांबू नये, एवढंच त्याचं काम. मित्राचं वाद्य हाती येणं मला तसंच वाटतं. त्याचा पहारा संपला, आपला सुरू झाला. वाद्य त्याचंही नव्हतं, आपलंही नाही.

म्हणजे रडायचंच नाही का? तसं नाही. तुकोबा १६५० मध्ये गेले. त्यानंतर त्यांचा टाळ देहूला परत आला, असं परंपरा सांगते. धाकटे भाऊ कान्होबा तेव्हा शांत बसले नाहीत. माझा भाऊ परत दे, म्हणून ते पांडुरंगाशी अक्षरशः भांडले. ते भांडण त्यांनी अभंगातच मांडलं आणि ते अभंग आजही तुकोबांच्या गाथेत छापलेले असतात. पुढे १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. शोक खोटा नव्हता, आणि भजनही थांबलं नाही. दोन्ही एकाच घरात राहिलं.

आता दहावा श्लोक. जे भक्त सतत जोडलेले राहून प्रेमाने भजतात त्यांना भगवंत बुद्धियोग देतात, आणि त्यातून ते त्यांच्यापर्यंत पोचतात. गंमत बघा, नवव्या श्लोकातलं अनेकवचन दहाव्यातही तसंच आहे. देणं एकट्यादुकट्याला नाही, ‘त्यांना’ आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तळ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एक तळं आटलं, तरी त्याचं जे पाणी आपल्यात मिसळलं ते वेगळं काढता येत नाही. त्याने शिकवलेला ठेका, अभंगाच्या शेवटी त्याची थांबायची जागा, हे आपल्या हातात उतरलेलं असतं. आपण वाजवतो तेव्हा ‘ते’ वाजवतात, अनेकवचनी. फक्त पाणी साचू द्यायचं नाही, पुढच्या तळ्यात जाऊ द्यायचं.

आजचा अभ्यास:

१. गेलेल्या कुणाची एखादी वस्तू तुमच्याकडे असेल, टाळ, पेटी, जपमाळ, पोथी, तर ती आज हातात घ्या. पुसा आणि वापरा.

२. त्याच्यासारखं जमतंय का, हे बघू नका. पाच मिनिटं नाम घ्या.

३. त्याच्याकडून शिकलेली एक गोष्ट या आठवड्यात दुसऱ्या कुणाला शिकवा. आमच्याकडे दहावीतला एक मुलगा आता धुमाला कणीक लावायला शिकतोय. पहिल्या दिवशी फार पातळ झाली होती!

उद्या श्लोक ११ वाचू.

राम कृष्ण हरी.