आपत्तीच्या काळीं घरून काम

संकट आलें म्हणजे मनुष्य प्रथम जीव वाचवितो आणि लगेच पोटाकडे पाहतो. पूर येवो, अवर्षण पडो कीं साथ पसरो, चूल पेटावी लागतेच. आणि चूल पेटण्यासाठीं काम चालूं राहावें लागतें. अशा वेळीं कचेरीचें काम घरीं बसून करतां येतें काय, व तें कचेरींतल्याइतकेंच उरकतें काय, या प्रश्नाचा विचार आपल्या जालना जिल्ह्याकडे पाहून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

25 मार्च 2020 पासून कोरोनाच्या साथीमुळें सर्व देशांत टाळेबंदी झाली. ती 2005 सालच्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या आधारें लावण्यांत आली. म्हणजे सरकारनेंही साथ ही आपत्तिच मानली. पुण्यामुंबईचे कित्येक नोकरदार तेव्हां आपापल्या गांवीं परतले व तेथूनच संगणकावर काम करूं लागले. शिक्षकांचे वर्गही मोबाइलवर भरूं लागले. परंतु सर्वच कामें अशीं घरीं जात नाहींत. ज्या कामाचा माल अक्षरें व आंकडे हा आहे, तें तारेवरून घरीं जातें. ज्याचा माल लोखंड, माती किंवा आजारी मनुष्य आहे, तें जात नाहीं. जालन्याची कीर्ति सळ्यांच्या कारखान्यांवर, बियाण्यांवर आणि मोसंबीच्या बागांवर आहे. तापलेलें लोखंड कोणी ओसरीवर लाटूं शकत नाहीं, कीं मोसंबीची छाटणी दुरून करूं शकत नाहीं. डिंगेल व नायमन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं 2020 सालीं हिशेब केला, तेव्हां अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही सुमारें 37 टक्केच नोकऱ्या पूर्णपणें घरून करण्याजोग्या आढळल्या. गरीब देशांत हें प्रमाण त्याहूनही कमी आहे.

आतां उत्पादकतेकडे वळूं. दिलेल्या वेळांत किती व कसें काम उरकतें, त्याचें नांव उत्पादकता. चीनमधील सीट्रिप नांवाच्या प्रवासी कंपनीनें 2010 च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. दूरध्वनीवर काम करणाऱ्यांपैकीं जे आपखुशीनें पुढें आले, त्यांतील निम्म्यांस आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलें. निकोलस ब्लूम आदि संशोधकांना त्यांचें काम 13 टक्क्यांनीं वाढलेलें दिसलें. मात्र त्यांतील मोठा वाटा सुट्या व विश्रांति कमी झाल्याचा, म्हणजे अधिक वेळ काम केल्याचा होता. शिवाय प्रयोगांत येण्यासाठीं घरीं स्वतंत्र खोली व चांगलें इंटरनेट असण्याची अट होती. आणि इतकें असूनही प्रयोग संपल्यावर सुमारें निम्मे लोक एकटेपणास कंटाळून कचेरींत परत आले.

याच्या उलट, साथीच्या काळांत आशियांतील एका मोठ्या संगणक-कंपनीच्या दहा हजारांहून अधिक नोकरदारांचा अभ्यास झाला. ते पूर्वीपेक्षां जास्त तास राबत होते, तरी काम वाढलें नाहीं, आणि उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनीं घटली. ज्यांच्या घरीं मुलें होतीं त्यांची घट अधिक होती. सभा वाढल्या व एकाग्रतेचे तास कमी झाले. या दोन अभ्यासांत विरोध नाहीं. पहिल्यांत घर शांत होतें व माणसें स्वेच्छेनें गेलीं होतीं. दुसऱ्यांत घरावरच संकट होतें. आपत्तींत मनुष्य केवळ घरून काम करीत नाहीं, तर संकटांत सांपडलेल्या घरून काम करतो. हा भेद धन्यानें विसरूं नये.

दुसरा भेद आपत्तीच्या प्रकाराचा. साथ तारा तोडीत नाहीं. पूर व भूकंप तोडतात. 26 जुलै 2005 रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां गाड्या थांबल्या व कित्येक ठिकाणीं मोबाइलही मुके झाले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपांत तर जेथें बसून काम करावें तें घरच उरलें नाहीं. अवर्षणाची रीत आणखी निराळी. 1972 च्या दुष्काळांत काम घरीं नेतां येत नव्हतें, म्हणून महाराष्ट्रानें काम गांवाजवळ आणलें. त्यांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली व 1977 सालीं तिचा कायदा झाला. या कामांवर मजुरी खोदलेल्या मातीच्या मोजमापावरून ठरे. हजेरीपेक्षां झालेलें काम मोजावें, हा धडा संगणकाच्या कचेऱ्यांस आपल्या खडीच्या व तलावाच्या कामांवर पूर्वींच मिळण्याजोगा होता.

परंतु ज्यांचें काम ना घरीं गेलें, ना गांवाजवळ आलें, त्यांचें काय? जालन्यांतील एका लोखंडाच्या कारखान्यांत राबणारे मध्यप्रदेशांतील कांहीं मजूर टाळेबंदींत रुळांच्या वाटेनें पायीं निघाले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें ते थकून करमाडजवळ रुळांवरच निजले, आणि 8 मे 2020 च्या पहाटे मालगाडीखालीं त्यांतील 16 जण मृत्यु पावले. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्या वेळीं कित्येक घरांतून सभा सुरळीत चालल्या होत्या. घरून कामाच्या यशाचा हिशेब मांडतांना हे 16 जीव वहींत न लिहिले तर तो हिशेब खोटा ठरेल, असें आम्हांस वाटतें.

सारांश, पांच गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कोणतें काम घरून होईल व कोणतें नाहीं, याची यादी संकटापूर्वींच करावी. कागदपत्रांच्या प्रती व विजेची दुसरी सोय तेव्हांच ठेवावी. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत नेहमींइतक्या कामाची अपेक्षा धरूं नये. तास न मोजतां काम मोजावें. आणि ज्यांचें काम घरीं नेतां येत नाहीं, त्यांच्या मजुरीची, अन्नाची व निवाऱ्याची तजवीज सर्वांच्या आधीं करावी.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुमच्यांतील कित्येक उद्यां संगणकापुढें बसाल, कांहीं कारखान्याचे धनीही व्हाल. दयाळू शमरोन्याच्या दाखल्यांतील जखमी मनुष्य वाटेवरच पडलेला होता, व त्यास ओलांडून जाणारे आपापल्या कामावरच निघाले असावेत. आपलें काम सुरक्षित घरीं पोंचलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें तुम्हीं तरी समजूं नये.