वणव्यानंतर रानात कोण परतले?

नीलगिरीचे झाड तोडले, की काही दिवसांनी त्याच्या खुंटाला कोवळ्या फुटव्यांचा झुबका येतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. हे फुटवे येतात कोठून? बहुतेक झाडांचे सुप्त डोळे सालीच्या बाहेरच्या भागात असतात व आगीत करपून जातात. नीलगिरीत मात्र डोळे निर्माण करणाऱ्या पेशी सालीच्या अगदी तळाशी, लाकडालगत दडलेल्या असतात. जाड साल त्यांना उष्णतेपासून वाचवते. म्हणून मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या या वृक्षाचे कोळशासारखे काळे झालेले खोडसुद्धा पुन्हा हिरवे होऊ शकते.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात (तेथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, हे लक्षात घ्या) ऑस्ट्रेलियात प्रचंड वणवे लागले. सुमारे २.४ कोटी हेक्टर प्रदेश जळाला, म्हणजे महाराष्ट्राच्या तीनचतुर्थांशाहून अधिक! त्यात काही पर्जन्यवनेही होती. तेथील झाडांना आगीची सवय नाही. मग कोणती झाडे फुटली, कोणती कायमची गेली? एवढ्या रानात मूठभर शास्त्रज्ञ कोठे कोठे फिरणार?

न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी लोकांनाच हाक दिली. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर त्यांनी एक प्रकल्प उघडला. जळलेल्या रानात कोंब, रोप, बुरशी, पावलांचे ठसे किंवा विष्ठा, जे दिसेल त्याचे छायाचित्र काढायचे आणि स्थळ व तारीख यांसह पाठवायचे. वनस्पतीचे नाव ठाऊक नसले तरी अडत नाही, ते जाणकार ओळखतात. परंतु तारीख चुकली, तर ती चूक दुसरे कोणी दुरुस्त करू शकत नाही. कोंब आगीनंतर तीन आठवड्यांनी दिसला की तीन महिन्यांनी, यावरच तर सारा अभ्यास उभा असतो.

बेडकांची गोष्ट आणखी गमतीची. बेडूक रात्री लपून बसतो, पण ओरडल्याशिवाय त्याला राहवत नाही! ऑस्ट्रेलियन म्यूझियमच्या 'फ्रॉगआयडी' या उपक्रमात २०१७ पासून लोक दूरध्वनीवर बेडकांचे आवाज मुद्रित करून पाठवतात. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा असल्याने तज्ज्ञांना तो ओळखता येतो. वणव्यांनंतरच्या काही महिन्यांत जळलेल्या भागांतून ६६ जातींचे आवाज मिळाले. आगीपूर्वीच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच तुलना करता आली.

मात्र येथे घाई नको. आवाज आला म्हणजे निदान एक नर जिवंत आहे, एवढेच सिद्ध होते. अंडी घातली गेली का, पिले जगली का, हे त्यावरून कळत नाही. शिवाय आवाज आला नाही म्हणजे बेडूक नाहीतच, असेही नव्हे. कदाचित त्या रात्री तेथे कोणी ऐकायलाच गेले नसेल.

आपल्या सह्याद्रीतही दर उन्हाळ्यात डोंगर जळतात. वणवा पूर्ण विझल्यावर, वनखात्याची परवानगी घेऊन, शिक्षकांबरोबर अशा उतारावर जा. अर्धवट जळालेल्या झाडाखाली उभे राहू नका, ते केव्हाही कोसळते. एक मोठा खडक खूण म्हणून निवडा. त्याच जागेवरून, त्याच दिशेने, दर पंधरा दिवसांनी एक छायाचित्र घ्या. शेजारच्या न जळलेल्या उताराचेही तसेच घ्या. काहीच उगवले नसेल, तर वहीत तसेच लिहा. पहिला पाऊस पडल्यावर आठवडाभर रोज जायला मिळाले, तर फारच उत्तम.