ब्रिटनमधला बर्फाचा हिवाळा

तुमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एखादे चित्र तुम्ही नक्की पाहिले असेल. घरांची उतरती छपरे पांढरीशुभ्र झाली आहेत. झाडांवर एकही पान नाही. लोकरीच्या टोप्या घातलेली मुले अंगणात बर्फाचा माणूस बनवत आहेत. नाकाच्या जागी त्यांनी गाजर खोचले आहे. असे चित्र पाहून आपल्याला वाटते, की इंग्लंडमध्ये दर वर्षी हिवाळाभर असाच बर्फ पडत असेल.

पण तुमच्यापैकी कोणाचे मामू किंवा चाचा लंडनला, ब्रॅडफर्डला किंवा लेस्टरला राहत असतील, तर त्यांना विचारून पाहा. ते म्हणतील, "बेटा, इथे पाऊस फार. बर्फ कधीतरीच." तेथील म्हातारी माणसे तर आणखी पुढे जाऊन सांगतात, "आमच्या लहानपणी खरा बर्फ पडायचा. आता तसे हिवाळे राहिले नाहीत." म्हाताऱ्या माणसांना आपल्या लहानपणच्या सगळ्याच गोष्टी मोठ्या वाटतात. मग त्यांचे हे म्हणणे खरे मानावे, की तो नुसता आठवणींचा खेळ समजावा?

आधी शब्दांची गंमत पाहू. 'बर्फ' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. पण उर्दूत तुम्ही म्हणता, 'बर्फ गिर रही है'. मराठीत मात्र 'बर्फ पडतो आहे' असे म्हणतात. पिसांसारखा भुरभुरत पडणारा जो बर्फ, त्याला मराठीत 'हिम' असा आणखी एक शब्द आहे. आकाशातून टणटण पडणारे बर्फाचे खडे म्हणजे गारा. त्यांना उर्दूत 'ओले' म्हणतात. मराठीत 'ओले' म्हणजे भिजलेले! तेव्हा हा शब्द वापरताना सांभाळा.

आता नकाशा उघडा. लंडन शहर सुमारे साडेएकावन्न उत्तर अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशावरून बोट पश्चिमेकडे सरकवत न्या. अटलांटिक महासागर ओलांडला की तुम्ही कॅनडाच्या किनाऱ्याजवळ पोहोचाल. तेथे हिवाळ्यात कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. मग लंडनमध्ये तसे का होत नाही? अटलांटिक महासागरातून उबदार पाण्याचा मोठा प्रवाह ईशान्येकडे वाहतो. ब्रिटनमध्ये वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. समुद्रावरून येताना तो ऊब आणि ओलावा घेऊन येतो. म्हणून ब्रिटनचा हिवाळा ओलसर आणि ढगाळ असतो, पण फार कडक नसतो.

वारा फिरला, की सगळे बदलते. उत्तरेकडून किंवा रशियाच्या बाजूने, म्हणजे पूर्वेकडून वारा वाहू लागला, की कडाक्याची थंडी पडते. ही थंड हवा आणि समुद्रावरची ओली हवा यांची गाठ पडली, की बर्फ पडतो. पण ही गाठ नेमकी कोठे आणि केव्हा पडेल, हे सांगणे हवामान खात्यालाही अवघड जाते. शिवाय अशा वेळी तापमान बहुधा ० अंशाच्या आसपास असते. जमिनीजवळ १ किंवा २ अंश सेल्सिअस तापमान असले, तरी बर्फ पडू शकतो. त्याहून थोडे वाढले, की त्याच ढगातून नुसता पाऊस पडतो. तराजूची दोन्ही पारडी सारखी असताना चिमूटभर साखर टाकली तरी काटा हलतो, तसाच हा प्रकार आहे. सैबेरियात तापमान उणे ३० वरून उणे २८ वर आले, तर बर्फ बर्फच राहतो. ब्रिटनमध्ये मात्र एका अंशाने बर्फाचा पाऊस होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तपासायच्या तर जुन्या नोंदी हव्यात. या बाबतीत इंग्लंडसारखा देश नाही. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९ सालापासून मिळतात. त्या वेळी आपल्याकडे औरंगजेबाची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती! गॉर्डन मॅनली नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने जुन्या रोजनिशा आणि टिपणे धुंडाळून विसाव्या शतकात ही मालिका तयार केली. उपकरणांनी घेतलेल्या तापमानाची एवढी लांब मालिका जगात दुसरी नाही. सुरुवातीचे आकडे ओबडधोबड आहेत. पण तेवढेही दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

जुने हिवाळे खरोखर कडक होते. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठून दगडासारखी घट्ट झाली. लोकांनी नदीवर दुकाने थाटली, जत्रा भरवली. एकाने तर बर्फावर छापखाना मांडला आणि राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाचा कागदही तेथे छापून दिला. अशी शेवटची जत्रा १८१४ साली भरली. त्या वेळी गोठलेल्या नदीवरून हत्ती चालवत नेला, असे सांगतात. (बिचाऱ्या हत्तीला काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.) त्यानंतर थेम्सवर जत्रा भरली नाही. पण याचे सगळे कारण हवामानात शोधू नका. लंडनचा जुना पूल अनेक अरुंद कमानींचा होता. त्यामुळे पाणी अडून संथ होई आणि लवकर गोठे. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला आणि पाणी जोराने वाहू लागले. १९६३ साली भयंकर थंडी पडली, तेव्हा शहराच्या वरच्या बाजूला विंडसर येथे थेम्स गोठली. लंडनच्या मध्यभागी मात्र ती वाहतच होती.

नाताळच्या पांढऱ्या चित्राचीही अशीच गोष्ट आहे. प्रसिद्ध लेखक चार्ल्स डिकन्स यांचा जन्म १८१२ चा. त्यांच्या बालपणीचे दशक इंग्लंडमध्ये फार थंड होते. पुढे १८४३ मध्ये त्यांनी नाताळावरची आपली गाजलेली कथा लिहिली आणि बर्फातला नाताळ लोकांच्या मनात कायमचा बसला. आणखी एक गोष्ट. १७५२ साली ब्रिटनने आपले कॅलेंडर बदलले आणि ११ दिवस वगळले. त्यामुळे नाताळ हिवाळ्यात थोडा अलीकडे आला. ब्रिटनमध्ये बर्फ डिसेंबरपेक्षा जानेवारी-फेब्रुवारीत अधिक पडतो. म्हणजे हवामान न बदलताही नाताळचा बर्फ कमी झाला! रमजान ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा ही गोष्ट तुम्हांला समजायला कठीण नाही.

आता जवळच्या काळाकडे येऊ. ज्या वर्षी आपला देश स्वतंत्र झाला, त्या १९४७ सालच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत रोज कोठे ना कोठे बर्फ पडत होता. कोळशाच्या गाड्या वाटेतच अडकल्या. वीज तोडावी लागली. डोंगरांवर लाखो मेंढ्या मेल्या. मार्चमध्ये बर्फ वितळला आणि मोठे पूर आले. त्यानंतर १९६२-६३ चा हिवाळा आला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि अनेक ठिकाणी तो मार्चपर्यंत जमिनीवर राहिला. मध्य इंग्लंडच्या हिवाळ्याची सरासरी एरवी ४ ते ५ अंश असते. त्या वर्षी ती उणे ०.३ होती. १७४० नंतर एवढा थंड हिवाळा झाला नव्हता. मैदाने इतकी गोठली, की फुटबॉलच्या एका मोठ्या स्पर्धेची एकच फेरी संपायला ६६ दिवस लागले. आज सत्तर वर्षांचे असलेले आजोबा त्या वेळी सात-आठ वर्षांचे होते. ते ज्या बर्फाच्या गोष्टी सांगतात, तो हाच बर्फ. त्यांची आठवण खोटी नाही. मात्र असे हिवाळे तेव्हाही दर वर्षी येत नव्हते. हलके हिवाळे तेव्हाही होते. ते कोणाच्या आठवणीत राहत नाहीत, इतकेच.

१९९० च्या सुमारास एकामागून एक उबदार हिवाळे आले. २००० साली एका इंग्रजी वृत्तपत्राने तर छापून टाकले, की बर्फ पडणे ही आता जुन्या काळची गोष्ट झाली. आणि झाले काय? २००९-१० चा हिवाळा आला. जानेवारी २०१० मध्ये उपग्रहाने घेतलेल्या चित्रात सगळे ब्रिटन पांढऱ्या चादरीखाली दिसत होते. त्याच वर्षीचा डिसेंबर गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्रवासी जमिनीवर झोपले. लोक त्या वृत्तपत्रावर हसले. काहीजण म्हणाले, "कुठे आहे तुमची तापलेली पृथ्वी?"

हसणाऱ्यांचे चुकले, आणि छापणाऱ्यांचेही चुकले. कसे ते पाहा. एखाद्या फलंदाजाची सरासरी पूर्वी ५० होती आणि आता ३० वर आली आहे. म्हणजे तो पुन्हा कधीच शतक करणार नाही का? करील. पण एका शतकावरून कोणी म्हणेल, की त्याचा खेळ मुळीच बिघडलेला नाही, तर तेही बरोबर नाही. आजची थंडी, आजचा पाऊस ही झाली हवा. पुष्कळ वर्षांची, साधारण ३० वर्षांची सरासरी काढली म्हणजे हवामान कळते.

सरासरी काय सांगते? २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत ब्रिटनचे तापमान १९६१ ते १९९० या काळापेक्षा सुमारे सव्वा अंशाने अधिक होते. सव्वा अंश ऐकायला फार लहान वाटतो. पण तराजूचा तो काटा आठवा. जेथे ० आणि १ अंशात बर्फाचा फैसला होतो, तेथे सव्वा अंश मोठा आहे. १९६२-६३ सारखा हिवाळा त्यानंतर एकदाही आलेला नाही. डिसेंबर २०१५ तर मध्य इंग्लंडच्या नोंदींतला सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. वसंतात फुलणारी डॅफोडिलची पिवळी फुले अनेक ठिकाणी नाताळातच उमलली. तरीही २०१८ च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून असा बर्फाळ वारा आला, की वृत्तपत्रांनी त्याला 'पूर्वेकडचा पशू' असे नाव दिले. म्हणजे बर्फ संपलेला नाही, पण त्याचे दिवस कमी होत आहेत, आणि सखल दक्षिण भागात ते अधिक जाणवते.

पृथ्वी तापण्याचे मुख्य कारण तुम्ही विज्ञानात शिकला आहात. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. १९५८ मध्ये हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावर चालणारे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले होते. ब्रिटनचे शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले. पण आधी हवेत गेलेला वायू लगेच नाहीसा होत नाही.

तुम्ही म्हणाल, "थंडी कमी झाली तर बरेच की!" तसे म्हणणारे लोक ब्रिटनमध्येही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. थंडीत म्हातारी माणसे दगावतात, रस्त्यांवर अपघात होतात, घर गरम ठेवायला खर्च येतो. पण डोंगरावर बर्फ साचून राहण्याऐवजी पाऊस कोसळला, तर नद्या लगेच फुगतात. डिसेंबर २०१५ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागात एका ठिकाणी २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा मोठा वाटणार नाही. ब्रिटनमध्ये मात्र तो विक्रम होता, आणि कित्येक गावे पाण्यात गेली. ज्याचे सरबत करतात ते ब्लॅककरंट नावाचे काळे आंबटगोड फळ हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही, तर नीट धरत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरांत एक ससा असतो. हिवाळ्यात त्याचे केस पांढरे होतात, म्हणजे बर्फात तो शत्रूला दिसत नाही. आता बर्फ उशिरा येतो आणि लवकर जातो. सशाचे केस मात्र जुन्याच वेळी पांढरे होतात. तपकिरी माळावर पांढरा ससा! गरुडाला तो दुरूनही दिसतो. १९५० नंतरच्या काळात असे धोक्याचे दिवस वर्षाला एका महिन्याहून अधिक वाढले आहेत, असे अभ्यासकांना आढळले.

त्याच स्कॉटलंडमध्ये केअरनगॉर्म पर्वतरांगेत ब्रेरीआख नावाचा उंच डोंगर आहे. त्याच्या एका खोल घळीत बर्फाचा एक तुकडा उन्हाळ्यातही टिकून राहतो. त्याला लोकांनी 'स्फिंक्स' असे नाव दिले आहे. तो कधीच वितळत नाही, अशी समजूत होती. १९३३ साली तो पहिल्यांदा वितळल्याची नोंद आहे. मग १९५९. मग ३७ वर्षांनी, १९९६. त्यानंतर २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१, २०२२ आणि २०२३. या सालांमधले अंतर तुम्हीच मोजून पाहा. दर वर्षी उन्हाळा संपता संपता काही हौशी माणसे मोजपट्टी घेऊन हा डोंगर चढतात आणि स्फिंक्सची लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवतात. काही वर्षी ती घळीपर्यंत पोहोचतात, तेव्हा तेथे नुसते ओले दगड असतात.