बाटल्यांचें चित्र : पाहण्याचा एक धडा

चित्रकलेच्या तासाला समोर तांब्या व फुलपात्र मांडलें, कीं पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. एका पालकांनीं मला एकदां स्पष्टच विचारलें, "गुरुजी, भांडीं काढून मुलाला काय मिळणार ?" मला तेव्हां नीट उत्तर देतां आलें नाहीं, आणि पुढच्या सहामाहीपासून त्या मुलाचा हा विषय सुटला. राहिलेलें तें उत्तर आज एका चित्रकाराच्या उदाहरणानें देण्याचा यत्न करतों.

जॉर्जो मोरांदी याचा जन्म १८९० सालीं इटलींतील बोलोन्या शहरीं झाला व १९६४ सालीं तेथेंच तो निवर्तला. तोही शिक्षकच. प्रथम कित्येक वर्षें त्यानें प्राथमिक शाळांत चित्रकला शिकविली. पुढें १९३० ते १९५६ पर्यंत तेथील कलाशाळेंत ताम्रपटावरील चित्रांचें अध्यापन केलें. तीन बहिणींसह तो एका साध्या घरांत राही व निजण्याच्या खोलींतच काम करी. त्याचे विषय म्हणजे बाटल्या, सुरया, पेले आणि डबे. कांहीं बाटल्यांना तो रंगाचा हात देई, म्हणजे चकाकी लोपून आकार तेवढा उरे.

ताम्रपटाची रीत अशी : तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देऊन त्यावर सुईनें रेघा ओढतात व पत्रा आम्लांत बुडवितात. लेप खरवडला असेल तेथेंच आम्ल तांबें खातें. त्या खांचांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. येथें छाया दाखवावयाची ती रेघांनींच. गडद तेथें दाट, उजळ तेथें विरळ, आणि लख्ख उजेडाच्या जागीं कोरा कागद.

उत्तरवयांतील त्याचीं पेन्सिलीचीं चित्रें याहूनही मोजकीं आहेत. शेजारच्या दोन बाटल्यांमध्यें कधीं एकच रेघ असते. ती हिची कड कीं तिची, हें पाहणाऱ्यानें ठरवावें. प्रथम चित्र अपुरें वाटतें. थोड्या वेळानें ध्यानांत येतें, कीं मधली रिकामी जागाही त्यानें बाटलीइतक्याच काळजीनें काढली आहे. आधुनिक स्थिरचित्राचें मर्म हेंच. हुबेहूब रूप छायाचित्रही देतें. हा चित्रकार वस्तूंचा परस्परसंबंध शोधतो. फ्रेंच चित्रकार सेझान (१८३९–१९०६) याच्या कृतींचा त्यानें या दृष्टीनें मोठा अभ्यास केला होता.

आतां घरीं एक प्रयोग करा. तांब्या, डबा व बाटली खिडकीपाशीं मांडा. प्रथम त्यांच्यामधील मोकळी जागाच काढा. मग तांब्या बोटभर सरकवून पुन्हां काढा. दुसरें चित्र निराळेंच झालेलें दिसेल.

त्या पालकांस माझें उत्तर इतकेंच : भांडीं काढतां काढतां मुलाला थांबून पाहण्याची संवय लागते. रोजचा तांब्या ज्यानें एकदां नीट पाहिला, तो पुस्तकांतील आकृति, झाडाचें पान किंवा शेजाऱ्याचा चेहरा घाईनें पाहून पुढें जाणार नाहीं.