बिननंबरी स्कूटरचे नियम

आमच्या घरी विजेवरच्या दोन स्कूटर आहेत. एक मुलाची, क्लासपुरती, बिननंबरी. दुसरी माझी, हिरव्या पाटीची. त्यामुळे सोसायटीत नवी गाडी घ्यायची झाली की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, याला लायसन्स लागत नाही ना?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

1. "लागत नाही" हे अर्धंच उत्तर झालं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधली सूट अटींवर मिळते. मोटरची तीस मिनिटांची पॉवर 250 वॅटपेक्षा कमी हवी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी हवा, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, शिवाय नीट ब्रेक आणि रिफ्लेक्टर. हे सगळं जुळलं तरच ती कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. मग नोंदणी, लायसन्स, विमा काहीच नको. वेगाची नाहीतर पॉवरची मर्यादा ओलांडली की सूट संपली.

2. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव बिलावरच्या नावाशी ताडून बघा. एका दुकानात मला "मॅडम, कोण बघतंय एवढं?" असं उत्तर मिळालं, तिथून आम्ही उठलो. पुढच्या दुकानात झेरॉक्स लगेच हातात आली.

3. वेग वाढवून घेऊ नका. मुलाच्या मित्राची गाडी पंक्चर झाली म्हणून आम्ही गॅरेजमध्ये गेलो होतो. मेकॅनिकने सीट उचलली आणि कंट्रोलरपाशी आलेल्या दोन बारीक वायरींचा नखाएवढा प्लग दाखवला. "एवढा सोडवला की पंचवीसची चाळीस होते, काकू. करू का?" मी नको म्हटलं आणि पोरांना तिथेच बसवून समजावलं. तो प्लग सुटला की ती गाडी विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते. लायसन्स नसल्याचा दंड 5,000 रुपये, विमा नसल्याचा पहिल्या वेळी 2,000. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला कलम 182अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

दंड भरून माणूस मोकळा होतो. धडक बसली तर मात्र मोकळं होता येत नाही. विमा कंपनीच नसल्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई चालक आणि मालकाच्या डोक्यावर येते. मालकाची ऐपत नसेल तर पाय मोडलेल्या माणसाच्या हाती नुसता निकालाचा कागद राहतो. मला खरा संताप येतो तो याचा. दहा मिनिटं लवकर पोचायला मिळावं म्हणून भाजी घ्यायला निघालेल्या कुणाच्या तरी उपचाराचे पैसे आपण पणाला लावतो. 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांवर कारवाईची मोहीम काढली होती. ती सतत चालायला हवी.

4. बिननंबरी गाडीला मोटार वाहन कायद्यातली वयाची अट लागू होत नाही. मला हीच या सूटीतली सगळ्यात मोठी उणीव वाटते. सहावी-सातवीतली मुलं मागे धाकट्या भावंडाला बसवून हमरस्त्यावर येतात. आमच्याकडे घरचा नियम आहे: सोळा पूर्ण, हेल्मेट डोक्यावर, हायवेला जायचं नाही. आणि वेग वाढवलेली गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती सापडली, तर कलम 199अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

5. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी म्हणजे भाड्याची. ऑगस्ट 2021 पासून विजेच्या गाड्यांना आरसीची फी माफ आहे. कोटेशनमध्ये ती दिसली तर विचारा. बाकी विमा आणि लायसन्स पेट्रोलच्या गाडीसारखंच. विनागिअरचं लायसन्स पुरतं, कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. हेल्मेट मात्र मागे बसणाऱ्यालाही हवं, चार वर्षांवरच्या लेकरालासुद्धा, आणि ते त्याच्या मापाचं.